चार छिद्रे आणि एक लांब टाका : सासूबाईंच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचा आणि रुग्णालयाच्या सेवेचा अनुभव

छत्रपती संभाजीनगरमधील एका खासगी रुग्णालयात माझ्या सासूबाईंचे पित्ताशय दुर्बिणीद्वारे काढण्यात आले. त्या रुग्णालयाच्या सेवेविषयी मी हे लिहीत आहे. नाव मुद्दाम लिहिलेले नाही, कारण कौतुकाबरोबर काही तक्रारीही आहेत, आणि त्याआधी ज्या रुग्णालयातून आम्ही घरी परत आलो, त्याच्याविषयी तर प्रामुख्याने तक्रारच आहे. सासूबाईंचे वय ७४, मधुमेह जुना, रक्तदाबाची गोळी रोज चालू, राहणे गेवराई तालुक्यातील गोदाकाठच्या गावात. माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, हीच शस्त्रक्रिया सहा वर्षांपूर्वी पोट उघडून झाली होती. आजार तोच होता, म्हणजे पित्ताशयातील खड्यामुळे झालेला स्वादुपिंडाचा दाह, आणि वयही साधारण तेवढेच होते. सासरी चार छिद्रांची आणि माहेरी लांब टाक्यांची अशा दोन्ही शस्त्रक्रियांच्या रुग्णांची मी शुश्रूषा केली असल्यामुळे या दोन पद्धतींची तुलना मला ऐकीव माहितीवर करावी लागत नाही.

दुखणे पोळ्याच्या रात्री सुरू झाले. पुरणपोळी आणि वर तूप असे जेवण झाल्यावर तीन-चार तासांनी छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात कळ आली, ती आरपार पाठीत गेली आणि उलट्या थांबेनात. पुढे वाकून बसल्यावर थोडे बरे वाटत होते. घरातल्या प्रत्येकाने निदान केले, ‘पित्त झाले’. आपल्या भाषेतील या एका शब्दाने किती घोटाळा होतो, हे मला त्या दिवशी कळले. आपण छातीतील जळजळीला आणि आंबट ढेकरांना पित्त म्हणतो, पण ते जठरातील आम्ल असते. खरे पित्त यकृतात तयार होते, पित्ताशयात साठते आणि खडे होतात ते त्या पित्ताचे. गावातील डॉक्टरांनीही ‘पित्ताचे’ इंजेक्शन दिले, म्हणजे आम्लाचे. त्यात रात्र गेली. पन्नाशीच्या पुढील माणसाच्या पोटात पाठीपर्यंत जाणारी कळ उठली, तर आधी हृदयाचा आलेख काढावा आणि मग रक्तातील लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचे पाचकद्रव्य, तपासावे, एवढे तरी प्रत्येक घरात माहीत असावे असे मला आता वाटते.

सकाळी जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. लायपेजचा आकडा सामान्य मर्यादेच्या दहापटीहून अधिक आला. निदानासाठी तिप्पट पुरेसे असते, आणि आकडा मोठा म्हणजे आजारही तेवढाच मोठा, असे मात्र नसते; हे तेव्हा कोणी सांगितले नाही, त्यामुळे तो कागद पाहून आम्ही नको इतके घाबरलो. सोनोग्राफीत पित्ताशयात अनेक बारीक खडे दिसले. यजमानांना त्यातल्या त्यात बरे वाटले, की खडे बारीक आहेत. वास्तविक स्वादुपिंडाच्या बाबतीत बारीक खडेच अधिक त्रासदायक असतात, कारण मोठा खडा पित्ताशयातच पडून राहतो आणि बारीक खडा घरंगळत पित्तनलिकेत उतरतो. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका लहान आतड्यात उघडतात ते तोंड बहुधा एकच असते. तिथे खडा अडकला की स्वादुपिंडाचे पाचकरस पुढे न जाता आतल्या आतच त्या अवयवाला पचवू लागतात. सूज येते ती त्यामुळे.

या पहिल्या रुग्णालयाने सलाईन लावले, आणि लावतच राहिले. आपल्याकडे बाटल्यांच्या संख्येवरून उपचाराची प्रत ठरवण्याची रीत आहे, त्यामुळे आम्हीही बाटल्या मोजत समाधानी होतो. तिसऱ्या दिवशी सासूबाईंच्या पायांवर सूज आली आणि आडवे झाल्यावर दम लागू लागला. स्वादुपिंडाच्या दाहात शरीरातील पाणी कमी पडते आणि ते भरून काढावेच लागते, हे खरे आहे. पण सरसकट भरमसाट द्रव देण्याचा उपयोग होत नाही, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वॉटरफॉल नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसून आले. भरपूर द्रव दिलेल्या गटात सुमारे २० टक्के रुग्णांच्या शरीरात पाणी जास्त झाले, बेताने दिलेल्या गटात हे प्रमाण सुमारे ६ टक्के होते, आणि दाहाची तीव्रता कमी होण्यात मात्र काहीच फायदा दिसला नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हृदयाला आणि मूत्रपिंडांना हा फरक परवडत नाही.

पाचव्या दिवशी दुखणे थांबले, खिचडी पचली आणि घरी जाण्याची परवानगी मिळाली. शस्त्रक्रियेविषयी विचारले तेव्हा उत्तर आले, ‘सूज पूर्ण उतरू द्या, वय आहे, सहा आठवड्यांनी बघू.’ माझी सर्वांत मोठी तक्रार या एका वाक्याविषयी आहे, आणि ती वैयक्तिक रागातून आलेली नाही. दाह सौम्य असेल, स्वादुपिंडाभोवती पाणी साठलेले नसेल आणि रुग्णाची प्रकृती भूल सोसण्याजोगी असेल, तर पित्ताशय त्याच मुक्कामात काढून मगच घरी पाठवावे, हा आज जगभर मान्य असलेला उपचार आहे. नेदरलँड्समधील पोंचो या अभ्यासात सौम्य दाहाच्या रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाची शस्त्रक्रिया त्याच मुक्कामात झाली, दुसऱ्याला घरी पाठवून २५ ते ३० दिवसांनी बोलावले. खड्यांमुळे पुन्हा दाखल व्हावे लागणे किंवा मृत्यू येणे, हे दुसऱ्या गटात १७ टक्के रुग्णांच्या बाबतीत घडले आणि पहिल्या गटात ५ टक्क्यांच्या. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. सहा आठवडे थांबण्याचा सल्ला चुकीचाच असतो असे नाही. दाह तीव्र असेल आणि आत द्रव साठला असेल, तर थांबावेच लागते. सासूबाईंच्या बाबतीत तसे काही नव्हते.

एकोणिसाव्या दिवशी त्या पुन्हा आजारी पडल्या. या वेळी डोळे पिवळे झाले होते आणि हुडहुडी भरून ताप आला होता. कावीळ उतरवणाऱ्याकडे नेण्याची सूचना गल्लीतून दोन ठिकाणांहून आली, तिचा उल्लेख इथेच संपवते. आम्ही गाडी काढली आणि धुळे-सोलापूर महामार्गाने थेट संभाजीनगर गाठले.

दुसऱ्या रुग्णालयाचे परीक्षण इथून सुरू होते. तातडीच्या विभागात पोहोचल्यापासून अर्ध्या तासात रक्त घेतले गेले, प्रतिजैविक सुरू झाले, आणि पोटविकारतज्ज्ञांनी आम्हाला बाजूला बसवून सांगितले, की ताप, कावीळ आणि पोटदुखी हे तिन्ही एकत्र असल्यामुळे पित्तनलिकेत खडा अडकून वर जंतुसंसर्ग झालेला आहे, आणि तो खडा चोवीस तासांच्या आत दुर्बिणीने काढणे आवश्यक आहे. ही दुर्बीण तोंडावाटे जाते. तिला ईआरसीपी म्हणतात. नलिकेच्या तोंडाशी छोटा छेद घेऊन खडे बाहेर ओढतात आणि गरज वाटल्यास प्लास्टिकची बारीक नळी ठेवतात. याच प्रक्रियेमुळे स्वतंत्रपणे स्वादुपिंडाचा दाह होण्याचा धोका असतो, हेही त्यांनी न विचारता सांगितले आणि तो टाळण्यासाठी गुदद्वारातून एक औषध देणार असल्याचे सांगितले. मला हे आवडले. धोका आधी सांगणाऱ्या डॉक्टरवर माझा विश्वास लवकर बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन खडे निघाले, नळी बसवली गेली, आणि संध्याकाळपर्यंत ताप उतरला. सलाईन इथेही होते, पण तासाला किती थेंब हे यंत्राने ठरत होते आणि लघवीचे मोजमाप भिंतीवरील तक्त्यावर लिहिले जात होते. दुसऱ्याच दिवशी मऊ भात सुरू केला. पोटाला आठवडाभर उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे, असे परिचारिकेने सांगितले.

मग शल्यचिकित्सक आले आणि खरा प्रश्न समोर आला. सासूबाईंनीच तो विचारला, ‘डागदर, पोट फाडायचं म्हणायलाव का काय?’ त्यांच्या डोळ्यांसमोर अण्णांचा टाका होता. डॉक्टर हसले आणि म्हणाले, ‘आजी, दुर्बिणीनेच सुरुवात करू. पण आत गेल्यावर वाट दिसली नाही, तर पोट उघडेन. ते उघडण्याचा हक्क मला आत्ताच द्या.’

या उत्तराचे मोल समजण्यासाठी अण्णांची गोष्ट सांगावी लागेल. अण्णांच्या वेळी आम्ही सर्वांनी ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ एवढेच ऐकले होते. शस्त्रक्रियागृहात ते सकाळी गेले. दोन तासांनी बाहेर येऊन एका कनिष्ठ डॉक्टरांनी सांगितले, की दुर्बिणीने जमले नाही, उघडून करत आहोत. माझ्या भावाने तिथेच आवाज चढवला. दुर्बिणीचे सांगून फाडले, असे आम्ही पुढे कित्येक महिने नातेवाइकांना सांगत राहिलो. सत्य असे होते, की तरुणपणी जठरातील व्रण फुटल्यामुळे अण्णांच्या पोटाची एक शस्त्रक्रिया झालेली होती, त्यामुळे वरच्या भागात आतडे, यकृत आणि पोटाची आतली त्वचा एकमेकांना चिकटलेली होती. त्यावर दाहाची ताजी सूज. पित्ताशयाकडे जाणारी नलिका आणि रक्तवाहिनी या दोनच गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या दिसल्याशिवाय काहीही कापायचे नाही, हा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील सुरक्षिततेचा मूलभूत नियम आहे. अमेरिकेतील शल्यचिकित्सक स्ट्रॅसबर्ग यांनी १९९५ मध्ये तो मांडला. अण्णांच्या पोटात ते दृश्य मिळाले नाही. न दिसणाऱ्या ठिकाणी अंदाजाने कापले असते, तर मुख्य पित्तनलिकेला इजा झाली असती, आणि त्या इजेवरची दुरुस्ती ही मूळ शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी मोठी असते. ज्या शल्यचिकित्सकाला आम्ही नावे ठेवली, त्याने वेळेवर हात थांबवला होता. भावाने आवाज चढवला त्याबद्दल आता त्याला वाईट वाटते, पण ते त्या डॉक्टरांपर्यंत कधी पोहोचले नाही.

चूक झाली होती ती आधी. पोट उघडावे लागू शकते आणि जुन्या शस्त्रक्रियेमुळे ती शक्यता बरीच जास्त आहे, हे आम्हाला कोणी नीट सांगितले नव्हते. संमतिपत्रात असेलही, पण ते इंग्रजीत होते आणि पहाटे सहा वाजता सही घेतली होती.

उघडून केलेल्या शस्त्रक्रियेची खरी किंमत नंतर कळली. उजव्या बरगड्यांच्या खाली एक वीत लांबीचा तिरका छेद होता. म्हातारपणी त्या छेदाचा त्रास जखमेपेक्षा छातीला अधिक होतो. श्वास घेतला की टाका ओढतो, म्हणून माणूस अर्धवट श्वास घेतो, खोकला दाबतो, आणि फुप्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही. चौथ्या दिवशी अण्णांना न्यूमोनिया झाला. अकरा दिवसांचा मुक्काम झाला. घरी आल्यावर दोन महिने त्यांना कोणीतरी उठवून बसवावे लागे, आणि ज्या माणसाने साठीनंतरही कापसाला पाणी धरले होते, तो अंगणातून वेशीपर्यंत जाण्याचाही आत्मविश्वास गमावून बसला. वर्षभराने टाक्याच्या जागी हर्निया दिसू लागला. अजून ते पट्टा बांधतात. यातील प्रत्येक गोष्ट दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत टळतेच असे नाही, पण तिचे प्रमाण पुष्कळच कमी होते, आणि वय जितके जास्त तितका हा फरक मोठा होतो. म्हणूनच ‘वय झाले आहे, दुर्बीण झेपणार नाही, सरळ उघडून करा’ हा जो सल्ला अजूनही कानावर पडतो, तो उलटा आहे. झेपण्याचा प्रश्न तरुणापेक्षा म्हाताऱ्यालाच मोठ्या टाक्याच्या बाबतीत जास्त असतो.

तरीही दुर्बीण म्हणजे फुकटची सोय नाही. पोट फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याचा दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा एवढा ठेवतात. त्या दाबाने पायांकडून हृदयाकडे येणारे रक्त कमी होते, छातीचा पडदा वर ढकलला जातो, वायू रक्तात शोषला जातो आणि कधीकधी नाडीचे ठोके एकदम मंदावतात. निरोगी तरुणाला याचे काही वाटत नाही. दुबळ्या हृदयाच्या रुग्णाला वाटू शकते. सासूबाईंच्या भूलतज्ज्ञ बाईंनी आदल्या दिवशी स्वतः येऊन हृदयाची टू-डी इको तपासणी पाहिली, जिने चढताना दम लागतो का, रात्री उशा किती लागतात, असे साधे प्रश्न विचारले, आणि दाब कमीत कमी ठेवून हळूहळू वायू भरण्याचे त्यांच्यासमोरच शल्यचिकित्सकांशी ठरवले. हा सगळा संवाद आमच्या देखत झाला. या रुग्णालयाला मी जास्तीत जास्त गुण कशासाठी देईन, तर या पाच मिनिटांसाठी.

मी शल्यचिकित्सकांना एक प्रश्न विचारला, जो इतरांनीही विचारावा असे मला वाटते, आणि तो विचारताना संकोच वाटला हेही कबूल करते. ‘दुर्बिणीने किती केल्या’ हे सगळेच विचारतात आणि आकडा नेहमी मोठाच असतो. मी विचारले, ‘सर, उघडून तुम्ही किती केल्या आहेत?’ त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि सांगितले, की त्यांचे शिक्षण सरकारी महाविद्यालयात झाल्यामुळे त्यांच्या हातून पुष्कळ झाल्या, पण आताच्या पिढीला ती संधी फार कमी मिळते. उघडून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया बर्लिनमध्ये लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये केली, आणि पुढील शंभर वर्षे तीच एक पद्धत होती. जर्मनीत म्यूहे यांनी १९८५ मध्ये दुर्बिणीने पित्ताशय काढले. आपल्याकडे मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये ते केले. त्यानंतर इतक्या झपाट्याने सारे बदलले, की आता पोट उघडावे लागते ते फक्त सर्वांत अवघड रुग्णात, आणि त्याच कामाचा सराव सर्वांत कमी उरला आहे. मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण उघड्या पद्धतीत हजारी एक-दोन आणि दुर्बिणीत हजारी तीन ते पाच, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते; म्हणजे या एका बाबतीत जुनी पद्धत आजही सरस आहे. वाट न दिसल्यास पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवून सुरक्षितपणे बाहेर पडण्याचा मार्गही असतो, हे मला त्या दिवशी प्रथम समजले.

पोंचोविषयी मी विचारले तेव्हा त्यांनी एक दुरुस्तीही केली. ७५ वर्षांवरील आणि जोडीला गंभीर आजार असलेल्या रुग्णांना त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. त्यामुळे त्यातील आकडे अशा आजोबा-आजींना जसेच्या तसे लावता येत नाहीत. फारच अशक्त रुग्णात ईआरसीपीने नलिकेचे तोंड मोठे करून थांबणे हाही पर्याय असतो. त्याने स्वादुपिंडाचा दाह पुन्हा होण्याची शक्यता कमी होते, पण पित्ताशय आतच राहिल्यामुळे त्याचा त्रास पुढे होऊ शकतो. सासूबाई त्या गटात बसत नव्हत्या. सकाळी उठून दोन म्हशींचे शेण काढणारी बाई अशक्त कशी म्हणायची?

ईआरसीपीनंतर चौथ्या दिवशी, त्याच मुक्कामात, शस्त्रक्रिया झाली. एक तास चाळीस मिनिटे लागली. पित्ताशय जाड आणि चिकटलेले होते, पण वाट दिसली. बेंबीजवळ एक, छातीच्या हाडाखाली एक आणि उजवीकडे दोन लहान, अशी चार छिद्रे होती. पोटातील पाण्याचा निचरा होण्यासाठी एक रात्र वेगळी नळी होती, ती सकाळी काढली. शस्त्रक्रियेच्याच दिवशी संध्याकाळी त्यांना खाटेवरून उतरवून स्वच्छतागृहापर्यंत चालवले. दुसऱ्या दिवशी त्यांची एकच तक्रार होती, ‘पोटाचं आप्रेशन केलं अन् खांदा दुखायलाय, ते कसं?’ आत राहिलेल्या वायूमुळे छातीच्या पडद्याला त्रास होतो आणि तो खांद्यात जाणवतो. दोन दिवसांत जातो, आणि गेला. तीन चेंडूंचे श्वासाचे यंत्र त्यांना दिले होते. पहिल्या दिवशी एक चेंडू उचलला, तिसऱ्या दिवशी तिन्ही, आणि मग ते यंत्र घरी आणून नातवाच्या ताब्यात गेले. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी आम्ही घरी होतो.

अतिदक्षता विभागात शेजारच्या खाटेवर जालन्याकडील एक गृहस्थ होते. त्यांच्या स्वादुपिंडाचा काही भाग मृत होऊन त्यात जंतुसंसर्ग झाला होता. त्यांच्या मुलाला वाटत होते, की ताबडतोब पोट उघडून सर्व घाण साफ करावी. पूर्वी तेच करत. डॉक्टरांनी मात्र कमरेच्या बाजूने एक नळी घालून पू बाहेर काढायला सुरुवात केली होती आणि पुढचे टप्पे गरजेनुसार ठरवणार होते. नेदरलँड्समधील पँटर या २०१० च्या अभ्यासात अशा टप्प्याटप्प्याच्या उपचारात मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू यांचे प्रमाण ४० टक्के आणि थेट पोट उघडण्यात ६९ टक्के होते. टप्प्यांच्या गटातील ३५ टक्के रुग्णांचे तर नुसत्या नळीवरच भागले. मुलाला हे समजावण्यात परिचारिकेचा अर्धा तास गेला. त्या गृहस्थांचे पुढे काय झाले ते विचारायचे राहून गेले.

आता सेवेच्या इतर बाबी. परिचारिका उत्तम, साखर दर चार तासांनी तपासली जात होती आणि इन्सुलिनचे प्रमाण प्रत्येक वेळी वहीत लिहून आमच्याकडून वाचून घेतले जात होते. संमतिपत्र इंग्रजीत आले, पण मागितल्यावर दहा मिनिटांत मराठी प्रत मिळाली. म्हणजे ती तयार होती, फक्त मागितल्याशिवाय देत नव्हते. उपाहारगृहात रुग्णाच्या जेवणाचे ताट आणि नातेवाइकांचा वडापाव एकाच खिडकीतून मिळतो, आणि तेलकट वासाने पित्ताशयाच्या रुग्णांच्या मजल्यावर काय होते याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. नातेवाइकांसाठी झोपण्याची जागा म्हणजे जिन्याखालची फरशी. उद्वाहन दोनपैकी एकच चालू होते.

बिल एक लाख बेचाळीस हजार झाले. यातील जवळपास निम्मे ईआरसीपी आणि अतिदक्षता विभागाचे होते, म्हणजे पहिल्याच मुक्कामात पित्ताशय काढले असते तर यातील बराचसा खर्च उद्भवलाच नसता. हे रुग्णालय शासकीय योजनेच्या यादीत नव्हते, आणि घाईत आम्ही तपासलेही नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयी गावात माहिती आहे, पण ७० वर्षांवरील सर्वांसाठी उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला पाच लाखांपर्यंतचे आयुष्मान वय वंदना कार्ड २०२४ पासून मिळते, हे मला बिल भरल्यावर एका दुसऱ्या रुग्णाच्या मुलीकडून कळले. तिची आई ७१ वर्षांची होती आणि कार्ड तिच्या पर्समध्ये होते. दोन्ही घरच्या ज्येष्ठांची कार्डे आम्ही पुढच्याच आठवड्यात काढली.

सर्वांत गंभीर तक्रार शेवटी लिहिते, कारण ती आम्हाला शेवटी कळली. पित्तनलिकेत ठेवलेली प्लास्टिकची नळी साधारण तीन महिन्यांच्या आत काढावी किंवा बदलावी लागते. राहिली तर ती तुंबते आणि पुन्हा कावीळ व ताप येतो. घरी जातानाच्या कार्डावर हे होते, पण औषधांच्या यादीखाली, इंग्रजी संक्षेपात, बारीक अक्षरात. तोंडी कोणी सांगितले नाही. माझ्या पुतणीला, ती परभणीला औषधनिर्माणशास्त्र शिकते, दिवाळीनंतर सहज कार्ड वाचताना ते दिसले आणि तिने विचारले, ‘काकू, आजीची नळी काढली का?’ तेव्हा आठ आठवडे झाले होते. ज्या रुग्णालयाने शस्त्रक्रियेआधी इतके समजावून सांगितले, त्याच रुग्णालयाने घरी पाठवताना गावाकडे राहणाऱ्या, इंग्रजी न वाचणाऱ्या बाईच्या पोटात एक वस्तू ठेवली आहे हे सांगू नये, याचा मला अजून उलगडा होत नाही. पाचपैकी पाच गुण द्यायचे मनात होते. या एका कारणाने साडेतीन देते.

नळी दहाव्या आठवड्यात काढली. सकाळी नेले, वीस मिनिटांचे काम होते, दुपारी चहा-बिस्किट खाऊन परत निघालो. या वेळी मी कार्ड हातात घेऊन खिडकीपाशी उभी राहिले आणि परिचारिकेला विनंती केली, की काय काढले आणि आता आत काही शिल्लक नाही, हे मराठीत लिहून द्या. तिने आधी वरिष्ठांकडे पाहिले, मग निळ्या पेनाने मोठ्या अक्षरात लिहिले : ‘नळी काढली. पोटात आता काही नाही.’ सासूबाईंनी ते गाडीत दोनदा वाचून घेतले आणि कार्ड देवघराच्या फळीवर, पंचांगाच्या खाली ठेवले आहे.